कानाने लावलेल्या गाड्या

माझा धंदा गाडी शिकवण्याचा. शेजारच्या सीटवर बसायचं, दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबायचा आणि तोंडाने 'छान, छान' म्हणत राहायचं. त्यातलं शेवटचं मला अजून जमलेलं नाही. ही पोरगी नाकावर राग घेऊनच जन्माला आली, असं आई म्हणते, आणि तो राग तिच्या माहेरचा, म्हणजे मामाचा, हेही वर कौतुकाने सांगते. एवढं आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढे मी त्या रोलरवाल्या बाईवर का खेकसले ते वेगळं सांगायला नको.

मामाचं गॅरेज आहे. तो सख्खा मामा माझा एकटीचा, पण त्याला मामा म्हणणारे गावभर पसरलेत. जुन्या गाड्यांचं वेड असलेले आम्ही दहा-बारा जण आहोत आणि आमच्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्याच हातच्या. हातच्या म्हणायचं, पण खरं तर कानाच्या. जुन्या गाडीत स्पार्क नेमका कधी पडायचा हे माणसाला ठरवावं लागतं. डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. तो जरा पुढे फिरवला की स्पार्क लवकर पडतो आणि गाडीला जोर येतो. फार पुढे फिरवला की इंजिन आतून किटकिटायला लागतं, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. ह्याला नॉकिंग म्हणतात. ते तसंच चालू दिलं तर जोर वाढायचा सोडून कमी होतो, आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

बाकीचे मेकॅनिक ह्यासाठी टायमिंगचा दिवा लावून इंजिनावरच्या खुणा बघतात. मामाने आयुष्यात दिवा लावला नाही. तो गाडी गॅरेजमागच्या चढावर नेतो, रेस देतो, ऐकतो, उतरतो, डबा थोडा पुढे फिरवतो, की पुन्हा चढ. किटकिट सुरू झाली की डबा केसभर मागे घ्यायचा. झालं काम. त्या केसभराच्या जोरावर आमचा सगळा कंपू मिशीला पीळ देत फिरतो, मी धरून.

वर्षातून एकदा आम्ही सगळे मिळून रोलर भाड्याने घेतो. जमिनीत बसवलेले दोन जाड लोखंडी रूळ असतात. त्यांच्यावर गाडीची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी चहूबाजूंनी बांधायची आणि जागच्या जागी पूर्ण रेस द्यायची. रूळ किती जोराने फिरले त्यावरून पडद्यावर आकडा येतो, इतके हॉर्सपॉवर. त्या आकड्यावर आम्ही पुढचं वर्षभर एकमेकांची टिंगल करतो. एरवी सगळा पोरखेळच.

पण ह्या वर्षी तसं नव्हतं. आमच्यातला डॉक्टर, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, मागच्या बैठकीत भीत भीत बोलला होता, "मामा, ती नवीन पेटी बसवून बघायची का? स्पार्कची वेळ ती आपोआप सांभाळते म्हणे."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी काय करायचं? बॉनेट पुसायचं?"

"तसं नाही मामा, पण गाडी जरा जड वाटतेय हल्ली."

"जड? रोलरवर भेटू. माझ्या हातच्या गाड्यांचे आकडे मागच्या वर्षीच्या खाली गेले, तर मी पाना खाली ठेवतो. कायमचा. मग बसवा पेट्या आणि वाजवा पेट्या."

सगळे हसले, पण मी हसले नाही. मामा रागाच्या भरात बोलतो, पण बोललं की फिरत नाही. सिगारेट त्याने अशीच एका भांडणात सोडली होती आणि सख्ख्या भावाशी बोलणंसुद्धा. आणि पाना खाली ठेवलेला मामा म्हणजे काय, हे मला डोळ्यांसमोर आणताही येईना. त्या माणसाला सुट्टीच्या दिवशी घरी बसवलं तर तो मामीच्या मिक्सरचे स्क्रू काढतो.

रोलरची जागा म्हणजे एक लांबलचक शेड होती. भिंतींना आवाज शोषणारा करडा फोम, छताला धूर ओढणारे पाइप, गाडीच्या तोंडासमोर माणसापेक्षा उंच पंखा. चालवणारी बाई तिशीतली, केस कापलेले, गळ्यात कानांवर घालायचे मोठे हेडफोन. ती फारसं बोलत नव्हती. पट्टा ओढायचा, हाताने ठोकून बघायचा, पुढचा ओढायचा. मला आवडली होती ती, पहिली दहा मिनिटं.

पहिली गाडी डॉक्टरची. मागच्या वर्षी एकशे आठ आले होते. पंखा सुरू झाला, रूळ घुमायला लागले, सगळी शेड थरथरली, आणि पडद्यावर आकडा आला सत्त्याण्णव.

"सत्त्याण्णव?" डॉक्टर म्हणाला. "माझ्या बायकोची गाडी असेल ती."

सगळे हसले. मामाही हसला. "पट्टे फार आवळलेत," तो म्हणाला, "चाकं दबतात, जोर खातात." बाईने पट्टे सैल केले आणि पुन्हा रेस दिली. अठ्ठ्याण्णव.

दुसरी गाडी टायरवाल्याची. त्याचं टायरचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ हवेत आहे असं तो मानतो, पाठदुखीचंसुद्धा. त्याचा आकडा तर आणखी घसरला. तो लगेच गुडघ्यावर बसून चाकांत हवा मोजायला लागला. हवा बरोबर होती. त्याने पुन्हा मोजली, कारण हवा बरोबर असूनही काही चुकू शकतं, हे त्याला पटेना.

मग आमच्यात जी चर्चा सुरू झाली तिला काही धरबंद राहिला नाही. एक म्हणाला पेट्रोल भेसळीचं असेल. दुसरा म्हणाला आज हवेत दमटपणा आहे. तिसऱ्याने पंखा लांब ठेवलाय असं काढलं, तर डॉक्टरने तो फार जवळ असल्याचं. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि कुठलंही कारण दुसऱ्या कारणाशी जुळत नव्हतं. माझं डोकं चक्रावलं. आणि डोकं चक्रावलं की मला ओरडायला कोणीतरी लागतं.

"तुमचं यंत्रच बिघडलंय," मी त्या बाईला म्हटलं. "आधी ते तपासा, मग लोकांच्या गाड्या बांधा."

"रोज सकाळी तपासते," ती म्हणाली.

"मग आज विसरला असाल!"

ती बाहेर गेली, स्वतःची सामान वाहायची व्हॅन आत घेतली, बांधली, रेस दिली. भिंतीवर त्या व्हॅनचे कितीतरी दिवसांचे कागद टाचून ठेवलेले होते, सगळ्यांवर जवळपास एकच आकडा. आजही तोच आला. मी तोंडघशी पडले. "बरं," एवढंच म्हणाले, आणि माझी गाडी आत घेतली.

रेस द्यायला बाई आत बसली. मी बॉनेटच्या बाजूला उभी राहिले. रूळ घुमू लागले, इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या तळाशी मला ती किटकिट ऐकू आली.

हा आवाज मला नवा नव्हता. गेले काही महिने चढावर तो येत होता. मी मामाला विचारलंही होतं. तो शेजारी बसला, मी चढ चढवला, तो म्हणाला, "कुठे काय? लोण्यासारखी चाललीय. डॅशबोर्डात काहीतरी सुटं पडलं असेल तुझं." मग मी डॅशबोर्डाचा खण रिकामा केला. पेनं काढली, गॉगल काढला, मागची छत्री काढली, जॅक फडक्यात गुंडाळून ठेवला. तरी यायचा. शेवटी वाटलं, दिवसभर शिकाऊ लोकांचे गिअर करकरताना ऐकून आपल्याच डोक्यात किटकिट बसलीय. कारण मामाला ऐकू येत नाही असा आवाज इंजिनात असूच शकत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते आपलं माहीतच होतं.

म्हणून आताही मी आधी मामाकडे पाहिलं. तो दोन्ही हात मागे बांधून, डोळे मिटून उभा होता. चेहऱ्यावर समाधान. मान हळूच डोलत होती. मी म्हटलं, नाही, पंख्याची जाळी वाजत असणार.

माझा आकडाही खाली आला.

आता कोणी हसेना. मामाने डोळे उघडले, पडदा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी आधी कधी बघितला नव्हता. गाडीपुढे मामा कधी रागावलेला असतो, कधी खूश असतो. गोंधळलेला नसतो.

"माझी लाव," तो बाईला म्हणाला. "हिच्यावर आठवडाभर बसलोय मी. हिच्यात खोट निघाली तर बोलायलाच नको."

मामाची निळी गाडी आत आली. बाईने ती सावकाश बांधली. मग कपाटातून वायर आणि छोटी डबी जोडलेला एक चिमटा काढला आणि इंजिनाच्या अंगाला लावला. "माइक आहे," ती म्हणाली. "आतलं ऐकायचंय मला." तिने हेडफोन कानांवर चढवले आणि आत बसली.

आमच्या गाड्यांचे सायलेन्सर मोठ्या तोंडाचे. रुबाबासाठी आम्ही कानठळ्या बसवून घेतो. मामाच्या गाडीचा सायलेन्सर मात्र साधा, मूळचा. त्यामुळे रेस चढली तेव्हा झाकायला काही उरलं नाही. किटकिट, मग कडकड, मग कोणी पत्र्यावर मूठमूठ खडे फेकावेत तशी ती सगळ्या शेडभर उधळली. टायरवाला एक पाऊल मागे सरकला. डॉक्टरने खांदे आक्रसले. मामा पंख्याच्या वाऱ्यात डोळे मिटून उभा होता. अर्ध्यातच त्याने माझ्या दंडावर थोपटलं आणि ओरडून म्हणाला, "बघ कशी गप्प चाललीय!"

बाईने रेस सोडली. रूळ घरंगळत थांबले. पंखा बंद झाला.

"का थांबवली?" मामा म्हणाला.

"नॉक करतेय काका. खूप. आणखी एकदा दाबली तर पिस्टन जाईल."

"कोण नॉक करतंय?" मामा हसला. "तुझे हेडफोन गेलेत, ताई. इतकी गोड गाडी इथे आली नसेल कधी." मग तो आमच्याकडे वळला. "ऐकलं का कोणी काही?"

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला वाटत होतं की मी आता बोलेन. सिग्नल तोडणाऱ्या अनोळखी माणसाला काच खाली करून सुनावणारी मी. पण मला खरंच कळेना. सगळी शेड किटकिटत होती, मला ऐकू येत होतं, आणि मामा म्हणत होता काही नाही. ह्यातलं एक खोटं होतं, आणि ते मामाचं असेल ही शक्यता माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती.

बाई गाडीतून उतरली. हेडफोन काढून तिने मामाच्या कानांवर नीट बसवले, पोरांची टोपी सारखी करावी तसे. मग दारातून एक पाय आत घालून हलकीशी रेस दिली आणि माइकच्या डबीवरचं आवाजाचं बटण फिरवायला लागली.

"काही नाही," मामा म्हणाला.

तिने आणखी फिरवलं.

"इंजिन आहे. बाकी काही नाही."

आणि तेव्हा मला गेल्या महिन्यातलं आठवलं. माझ्या शिकवायच्या गाडीतून मामाला सोडत होते. त्याने पट्टा लावला नव्हता म्हणून गाडी सारखी टीं टीं करत होती, आणि तो आरामात मामीच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. मी भडकले होते, "मामा, पट्टा लाव की, हट्टीपणा कसला हा!" त्याने निमूटपणे लावला होता, जरा चकित होऊन. माझं बोलणं त्याला नीट ऐकू येत होतं. माणसांचं सगळं येत होतं. फक्त ते बारीक, वरच्या पट्टीतलं येत नव्हतं. म्हणजे चढावर किटकिट ऐकू येईपर्यंत डबा पुढे फिरवायचा मामा तो नुसता पुढेच फिरवत राहिला होता.

बाईने बटण शेवटापर्यंत फिरवलं.

मामाचा चेहरा बदलला. आधी कपाळाला आठी पडली. मग त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबले आणि बॉनेटवर वाकला. आमच्याकडे त्याची पाठ होती. पाठीवरून काही कळत नव्हतं. बाईने रेस बंद केली तरी वाकलेलाच होता.

मग सरळ झाला, हेडफोन काढले आणि मला विचारलं, "हे तुला असंच ऐकू येत होतं? कानाला काही न लावता?"

"हो," मी म्हटलं.

"तुझ्याही गाडीत आहे?"

"हो मामा."

तो डॉक्टरकडे वळला. डॉक्टर म्हणाला, "मला वाटलं सीटखाली माझी औषधांची पेटी वाजतेय. मी ती गाडीत ठेवणंच बंद केलं." टायरवाला म्हणाला, त्याला वाटलं टायरच्या खाचांत खडे अडकलेत, त्याने दोनदा स्क्रू ड्रायव्हरने खाचा साफ केल्या. मागे उभा असलेला एक जण म्हणाला, तो तर कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. सगळ्यांना ऐकू येत होतं. कित्येक महिने. आणि आम्ही प्रत्येकाने घरी जाऊन गाडी रिकामी केली होती, कान साफ केले होते, जॅक गुंडाळून ठेवले होते. एकमेकांकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग बोलला का नाही कोणी?" मामा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"विचारलं होतं मामा," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही म्हणालात, काही नाही."

मामाने मान हलवली. मागच्या खिशातून त्याने तो पाना काढला, डिस्ट्रिब्युटर सैल करायचा छोटा पाना, आणि पडद्याशेजारच्या टेबलावर ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरं वाटलं असतं. मग तो शेडच्या दारातून बाहेर गेला.

मी पाना उचलला आणि त्याच्या मागे धावले. तो बाहेर, जुन्या टायरांच्या चळतीवर बसला होता. सूर्य डोक्यावर आला होता आणि शेडचा पत्रा तापून तडतडत होता. मला माझा आवाज परत सापडला आणि मी सुरू झाले. "हे काय नाटक? कान थोडा कमी झाला म्हणून हात गेला का? ते हेडफोन घाल, चिमटा लाव, डबा फिरव. आत्ता. सगळ्या गाड्या आजच्या आज लागतील. उद्या तुला कानांच्या डॉक्टरकडे मी नेते, मशीन बसवू. डोळे गेले की लोक चष्मा लावत नाहीत? आणि त्या पैजेचं म्हणशील तर ती तू तुझ्या तोंडाने लावलीस, आमच्यातल्या कोणी मान्यसुद्धा केली नव्हती. घे हा."

पाना मी त्याच्यापुढे धरला. तो त्याने घेतला नाही, नाकारलाही नाही.

"पैजेचं नाही गं," तो म्हणाला. "हेडफोन घालीन. मशीन घालीन. लाज कसली त्यात?"

"मग काय?"

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. नखांतलं काळं आज सकाळी घासून आला होता तो, खास रोलरसाठी.

"आयुष्यभर कुठलीच गाडी मला पूर्ण गप्प करता आली नव्हती," तो म्हणाला. "कितीही लाव, कुठेतरी बारीक किटकिट राहायचीच. झोप लागायची नाही मला. आणि मग गेली दोनेक वर्षं एकेक गाडी अशी लागायला लागली, अशी शांत, की चढावरून उतरूच नये असं वाटायचं. घरी जाऊन तुझ्या मामीला सांगायचो मी." तो माझ्याकडे बघून थोडासा हसला. "मला वाटलं, आत्ता कुठे आपल्याला हे काम जमायला लागलंय."